पट्टी बदला, भोकं बुजवा

१९०६ साली फ्रेशेने ‘अंतर’ ही कल्पना कुठल्याही संचावर नेली. ‘मेट्रिक स्पेस’ हे नाव मात्र हाउसडॉर्फचं, १९१४ च्या ग्रंथातलं. अशा स्पेसमधली भोकं बुजवून ती पूर्ण कशी करायची, तेही त्यात आहे.

मला खरी गंमत वाटते ती पुढे. ० आणि १ मधला, टोकं वगळलेला तुकडा नेहमीच्या अंतराने अपूर्ण. पण टोपॉलॉजी तीच ठेवून नुसती मोजपट्टी बदला, की झाला पूर्ण! (इंजिनिअरिंगच्या मॅथ्समध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं राव.) परिमेय संख्यांना मात्र कुठलीच पट्टी चालत नाही, बेअरचं १८९९ चं प्रमेय आडवं येतं.

हाउसडॉर्फ ज्यू होता, राहायला बॉनमध्ये. जानेवारी १९४२ मध्ये एन्डेनिखच्या छावणीत हजर व्हायचा हुकूम आला. २६ तारखेला त्याने, बायकोने आणि मेहुणीने झोपेच्या औषधाचा जीवघेणा डोस घेतला.