ध्वनी-स्ट्रीमिंग सॉफ्टवेअर : बांधणी, पॅकेजिंग आणि ऐच्छिक डिपेंडन्सी

इंटरनेटवरून सलग ध्वनी पाठवणाऱ्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कंपाइल करणे आणि कोणालाही बसवता येईल अशा पॅकेजमध्ये तो बांधून देणे, हा या नोंदीचा विषय. यातले मुख्य प्रोग्राम असे : श्रोत्यांना ध्वनी पुरवणारा आइसकास्ट हा सर्व्हर, माइकचा आवाज घेऊन त्याच्याकडे धाडणारा डार्कआइस, कार्यक्रमांची आखणी करणारा लिक्विडसोप आणि गाणी वाजवणारा एमपीडी. यांपैकी आइसकास्टची देखभाल झिफ डॉट ऑर्ग फाउंडेशन करते.

पेणमधले गणेशोत्सवातले व्याख्यान किंवा रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीचे धावते वर्णन मुंबई-पुण्याला गेलेल्या गावकऱ्यांना ऐकवायचे, तर एक साधा संगणक, माइक आणि यांतले दोन प्रोग्राम पुरतात. बोलण्याचा आवाज ओपस कोडेकमध्ये ३२ किलोबिट प्रतिसेकंद वेगाने स्वच्छ जातो. म्हणजे तासाला श्रोत्यामागे साधारण १४ एमबी डेटा लागतो, आणि शंभर श्रोत्यांसाठी सर्व्हरला ३.२ मेगाबिटचा अपलोड. ओपसचे प्रमाणीकरण सप्टेंबर २०१२ मध्ये झाले, त्याचा वापर विनाशुल्क आहे. खरा प्रश्न पुढे येतो : हातात आलेला डार्कआइस ओपस ओळखतो का?

ऐच्छिक भाग. अशा प्रोग्रामला लागणाऱ्या सगळ्या लायब्ररी सक्तीच्या नसतात. डार्कआइसला एमपी३साठी लेम, ऑगसाठी व्हॉर्बिस, शिवाय ओपस आणि एएसी यांच्या लायब्ररी जोडता येतात. आवाज आत घेण्यासाठी आल्सा, जॅक किंवा पल्सऑडिओ यांपैकी जे हवे ते निवडता येते. आइसकास्ट २.४मध्ये कर्ल लायब्ररी नसली तरी सर्व्हर चालतो, पण बाहेरच्या वेब पत्त्याकडे विचारून श्रोत्याला प्रवेश देण्याची सोय त्यात राहत नाही. ओपनएसएसएल नसेल तर सुरक्षित जोडणी मिळत नाही. कंपाइल बिनतक्रार पार पडते, उणीव कळते ती कार्यक्रम सुरू करताना.

याचे मूळ कॉन्फिगर स्क्रिप्टच्या सवयीत आहे. संगणकावर लायब्ररी सापडली तर ती जोडायची, नाही सापडली तर गप्प पुढे जायचे. जेंटू लिनक्सवाले याला ‘ऑटोमॅजिक’ म्हणतात आणि तो दोष मानतात, ते रास्तच आहे. बांधणाऱ्याच्या संगणकावर दुसऱ्याच कामासाठी जॅक बसवलेले असते, ते नकळत जोडले जाते, आणि ज्याच्याकडे जॅक नाही त्याच्या संगणकावर प्रोग्राम उघडतच नाही. एकाच सोर्स कोडपासून दोन ठिकाणी दोन वेगळ्या वस्तू तयार होतात. म्हणून प्रत्येक पर्यायाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे स्पष्ट सांगावे. मेसॉन या बांधणी-प्रणालीत चालू, बंद आणि आपोआप अशा तीन अवस्था असतात. पॅकेज करणाऱ्याने तिसरी टाळलेली बरी. शिवाय बांधणी कोऱ्या वातावरणात करावी. त्यासाठी डेबियनमध्ये एसबिल्ड आहे, फेडोरात मॉक.

पॅकेज. बांधताना ऐच्छिक असलेली लायब्ररी एकदा थेट जोडली गेली की पॅकेजमध्ये सक्तीची होते. डेबियनची साधने तयार बायनरी तपासून तिला लागणाऱ्या लायब्ररी स्वतःच ‘डिपेंड्स’मध्ये लिहितात. त्यामुळे सगळे पर्याय चालू ठेवले, तर ज्याला फक्त माइकचा आवाज पाठवायचा आहे त्याच्याही संगणकावर न लागणाऱ्या लायब्ररी उतरतात. ‘रेकमेंड्स’ आणि ‘सजेस्ट्स’ ही सौम्य नाती उपयोगी पडतात ती प्रोग्राम चालू असताना वेगळा प्लगइन उचलतो तेव्हाच. जीस्ट्रीमर या ध्वनी-चित्र हाताळणाऱ्या चौकटीने हीच वाट धरली. त्याचे प्लगइन ‘गुड’, ‘बॅड’, ‘अग्ली’ अशा संचांत विभागलेले आहेत. ‘अग्ली’मध्ये दर्जा चांगला, पण वाटपाला परवान्याची किंवा पेटंटची अडचण येऊ शकेल असे प्लगइन असतात.

परवाने आणि पेटंट. पर्याय निवडताना तंत्राइतकाच कायदाही पाहावा लागतो. एफएफएमपेग या ध्वनी-चित्र रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जीपीएल परवान्याचे भाग आणि एफडीके-एएसी लायब्ररी एकत्र जोडली, तर तयार बायनरी स्वतः वापरता येते, इतरांना वाटता येत नाही. एमपी३ची कहाणी महाराष्ट्राने जवळून पाहिली. ४ ते ६ नोव्हेंबर २०११ला पुण्याच्या सीओईपीत ‘फडकॉन’ हे फेडोराचे संमेलन भरले, तेव्हा फेडोराच्या अधिकृत भांडारात एमपी३ वाजवण्याची सोय नव्हती. लोक ती आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या भांडारातून आणत. भारतीय पेटंट कायद्याचे कलम ३ निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट देत नाही. मात्र फेडोराची पुरस्कर्ती रेड हॅट कंपनी अमेरिकेतली, त्यामुळे तिथल्या पेटंटांचा निर्बंध इथल्या वापरकर्त्यालाही सोसावा लागला. २०१६च्या अखेरीस फेडोरात एमपी३ वाजू लागले, आणि २०१७मध्ये उरलेली पेटंटे संपल्यावर एन्कोडरही आला. त्यानंतर लेम वगळण्याचे कायदेशीर कारण राहिले नाही.

तपासणी. एमपीडीला आवृत्ती विचारली की तो आपल्यात जोडलेले सगळे डिकोडर आणि एन्कोडर छापून दाखवतो. इतर प्रोग्रामबाबत एलडीडी ही आज्ञा जोडलेल्या लायब्ररींची यादी देते. चालू ठेवलेले आणि वगळलेले पर्याय पॅकेजच्या वर्णनात लिहिले, तर वापरणाऱ्याला हे शोधत बसावे लागत नाही, आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच त्याला ठरवता येते की तयार पॅकेज पुरेल की सोर्स कोडपासून पुन्हा बांधावे लागेल.