खाण्याच्या सोड्याने मोजलेला स्फुरद

माती परीक्षणाच्या अहवालात ‘उपलब्ध स्फुरद’ अशी एक ओळ असते आणि तिच्यासमोर हेक्टरी बारा-चौदा किलो असा आकडा. जमिनीत एकूण स्फुरद याच्या कितीतरी पट, शेकड्यांनी किलो असतो. पण त्यातला बराचसा चुना, लोह, ॲल्युमिनियम यांनी धरून ठेवलेला. मुदत ठेवीसारखा: नावावर आहे, आज बाजाराला उपयोगाचा नाही. पिकाच्या हाताला लागेल तेवढाच वेगळा कसा काढायचा, या प्रश्नाला शंभरावर वर्षांचा इतिहास आहे.

ऑक्सफर्डच्या चार्ल्स डॉबेनी यांनी १८४५ मध्येच मातीतल्या अन्नद्रव्यांची ‘क्रियाशील’ आणि ‘सुप्त’ अशी विभागणी केली होती. मोजमापाची रीत बसवली ती बर्नार्ड डायर यांनी, १८९४ मध्ये. मुळे आम्ल सोडून मातीतले अन्न विरघळवतात, अशी तेव्हाची धारणा. म्हणून डायर यांनी शंभराच्या आसपास जातींच्या वनस्पतींच्या मुळांचा रस तपासला, त्याची आम्लता काढली आणि तिच्या जवळपास जाणारे एक टक्का सायट्रिक आम्ल मातीवर वापरले. हाताशी इंग्लंडमधल्या रॉदमस्टेडची माती होती. तिथल्या कोणत्या वाफ्याला वर्षानुवर्षे स्फुरद मिळाला आणि कोणता उपाशी राहिला, याची नोंद होती. एकूण स्फुरदातून न उमगणारा फरक या आम्लातून स्पष्ट दिसला.

मग आम्लांची रांगच लागली. १९३० मध्ये ट्रुओग यांनी अगदी पातळ गंधकाम्ल घेतले. इलिनॉयच्या ब्रे आणि कुर्ट्झ यांनी १९४५ मध्ये पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात अमोनियम फ्लोराइड मिसळले. फ्लोराइड ॲल्युमिनियमला पकडते आणि अडकलेला स्फुरद सुटतो. आम्लधर्मी जमिनीत ही रीत चोख चालते. चुनखडीच्या जमिनीत मात्र पातळ आम्ल चुन्याशीच झुंजून संपते. कडक आम्ल घ्यावे, तर मुळांच्या आवाक्याबाहेरचा कॅल्शियम फॉस्फेटही विरघळतो आणि गरीब जमीन श्रीमंत दिसू लागते.

ही कोंडी फोडली स्टर्लिंग ऑल्सेन आणि कोल, वातानाबे, डीन या सहकाऱ्यांनी. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९५४ मध्ये काढलेल्या ९३९ क्रमांकाच्या परिपत्रकात त्यांनी आम्ल सोडूनच दिले आणि सोडियम बायकार्बोनेट घेतले. म्हणजे आपला खाण्याचा सोडा, सामू ८.५ वर आणलेला. हा द्राव कॅल्शियमला कार्बोनेटच्या रूपात बसवतो. मोकळे कॅल्शियम कमी झाले की फॉस्फेट द्रावात उतरतो. मुळाची नक्कल करायचा हट्ट सोडून पिकाच्या प्रतिसादाशी जुळेल असा द्राव शोधला, हे मला या मंडळींचे खरे शहाणपण वाटते.

प्रयोगशाळेत आजही हेच चालते. चाळलेली अडीच ग्रॅम माती, पन्नास मिलिलिटर द्राव, मातीच्या सेंद्रिय भागाचा पिवळट रंग शोषायला चिमूटभर स्फुरदमुक्त कोळशाची पूड. शेकरवर तीस मिनिटे हलवायचे आणि गाळायचे. घाई करून चालत नाही, रेंगाळूनही नाही: वेळ किंवा तापमान वाढले की जास्त स्फुरद उतरतो. द्रावही ताजा हवा, कारण शिळ्या द्रावाचा सामू चढतो. गाळलेल्या पाण्यात आम्ल थेंबाथेंबाने सोडावे लागते, नाहीतर फसफसून चंबूच्या तोंडाशी येते. मग मॉलिब्डेटचे मिश्रण घातले की निळा रंग धरतो. निळाई जितकी गडद तितका स्फुरद जास्त. ती यंत्रावर मोजतात. हा रंग आणायला आज वापरले जाणारे ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, मर्फी आणि रायली यांच्या १९६२ च्या रीतीतून आले. ती रीत मुळात नैसर्गिक पाण्यातला फॉस्फेट मोजण्यासाठी होती.

मराठवाड्या-विदर्भातल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींना ऑल्सेन पद्धत लागू पडते. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीला ब्रे. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये, कारण ते दोन वेगळ्या द्रावांचे जबाब आहेत.

आणखी एक गफलत नेहमीची. ऑल्सेन पद्धतीने ६ पीपीएम स्फुरद आला, तर २.२४ ने गुणून हेक्टरी सुमारे १३.४ किलो होतो. प्रचलित वर्गवारीत १० ते २५ किलो म्हणजे ‘मध्यम’. हाच आकडा खताच्या गोणीवर असतो तसा पेंटॉक्साइडच्या रूपात लिहिला, तर २.२९ ने गुणून जवळपास ३१ होतो आणि जुन्याच मोजपट्टीवर ‘भरपूर’ दिसतो. तेव्हा डीएपीची गोणी घेण्याआधी अहवालात दोन गोष्टी पाहा: पद्धत कोणती आणि आकडा कोणत्या रूपातला. लिहिलेल्या नसतील तर प्रयोगशाळेला विचारा.