लक्ष्मीचा शालू

गेल्या दिवाळीत साफसफाई करताना आमच्या घरची जुनी लक्ष्मीची तसबीर माझ्या हातून निसटली आणि काच तडकली. नवी काच बसवायला फ्रेमवाल्याकडे नेली. त्याने मागचा पुठ्ठा काढला, चित्र उजेडात धरलं आणि म्हणाला, "बाई, ही वरची जर, मणी काढून टाकू का? खाली चांगलं रविवर्म्याचं चित्र आहे, उगाच झाकलं गेलंय." मी "नको, नको" म्हणत चित्र त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. बिचारा घाबरलाच!

तर मंडळी, आज या जरीविषयी.

राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आणले. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक ठसे आणि वरून वार्निश, म्हणजे छापील चित्र तैलचित्रासारखं दिसावं. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, मालकी श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाकडे आली, आणि १९७२ साली तो आगीत सापडला. हे सगळं पुस्तकांत सापडतं. शाळेत इतिहास शिकवताना मीही एवढंच सांगून पुढच्या धड्याकडे वळत असे.

पण चित्र बाजारातून घरी आल्यावर त्याचं काय व्हायचं, हे कोणत्या धड्यात येतं? घरातल्या बायका त्याला नटवायच्या. फाटक्या लुगड्याचे काठ, जुन्या खणाचे तुकडे, तुटलेल्या माळेतले काचमणी, टिकल्या, पोरांच्या टोपीची मखमल, जे म्हणून घरात निरुपयोगी पडलेलं असेल ते कापून, खळीने चिकटवून देवीला नेसवायचं. उठाव यावा म्हणून कुणी आत कापूसही भरायचं. चेहरा, हात, पाय मात्र उघडे ठेवायचे, ते रविवर्म्याचे. हल्ली संग्राहक अशी सजवलेली चित्रं मुद्दाम शोधत फिरतात. (आमच्या फ्रेमवाल्याला हे कुणीतरी सांगायला हवं.)

आमच्या लक्ष्मीला नटवलं ते आत्याआजीने. ही माझ्या वडिलांची आत्या. लग्न बाराव्या वर्षी, आणि चौदाव्या वर्षी, १९२८ साली, ती वाईला माहेरी परत आली ती कायमची. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा ७२ वर्षं झाली होती. पुण्याला कर्व्यांची संस्थाही होती. आमच्या घरापर्यंत यातलं काहीच पोचलं नाही. मी तिला पाहिलं ते लाल आलवणातच.

तिचा लग्नातला शालू ट्रंकेत पडून होता. ती तो नेसू शकत नव्हती, आणि अशा बाईचा शालू दुसरं कुणी नेसणार नव्हतं. त्या काळी जर खरी असायची, म्हणजे रेशमी धाग्यावर चांदीची तार आणि तिला सोन्याचा मुलामा. जुनी लुगडी घेणारे ती जाळून चांदी काढत. पणजीचं म्हणणं होतं की शालू देऊन टाकावा, निदान एखादं घंगाळ तरी येईल. आत्याआजी पणजीला कधी उलटून बोलली नसेल. पण घंगाळ काही आलं नाही. तिने कात्री घेतली.

मी नऊ-दहा वर्षांची असताना एकदा विचारलं होतं, "आत्याआजी, लक्ष्मीचा शालू कुणाचा गं?"

"माझा," ती म्हणाली, आणि तांदूळ निवडत राहिली. मला वाटलं, हिने केला म्हणून हिचा.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला गौर याच तसबिरीखाली मांडायचे. गल्लीतल्या सवाष्णी यायच्या, खाली वाकून नमस्कार करायच्या, काठाकडे बघत "काय सुरेख नेसवलंय हो!" म्हणायच्या. आंब्याची डाळ आणि पन्हं आत्याआजीनेच केलेलं असायचं. ते घेऊन बाहेर जायची आई. आत्याआजी स्वयंपाकघराच्या दारातून आत राहून बघत असे. मीही तेव्हा नवं परकर-पोलकं घालून त्या बायकांत मिरवत होते, आणि तिला बाहेर बोलवावं असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. पुढे इतिहासात बी.ए. केलं, स्त्रियांच्या सुधारणेवर वर्गात तासतासभर बोलले. तोवर ती गेली होती.

फ्रेमवाल्याने चित्र उघडल्यामुळे एक गोष्ट मात्र प्रथमच दिसली. पायाशी कसरीने खळ खाल्ली आहे आणि बोटभर काठ सुटून वर आलाय. त्याच्या खाली छापलेल्या साडीलाही काठ आहेच. आत्याआजीने आपल्या शालूचा काठ बरोबर त्या छापील काठावर बसवला आहे, रेघेला रेघ. आता तो काळवंडलाय, पण नखाने जरा घासलं तर चमकतो.

काच बसवून आणली आहे. मण्यांवर टेकू नये म्हणून आत लाकडी पट्टी घालून घेतली. सुटलेला काठ तसाच ठेवला.