डिझेल जलतापक, कामाच्या व्हॅनमधील : बिघाड व तपासणी

वाहनाच्या टाकीतले डिझेल एका छोट्या, स्वतंत्र ज्वालाकक्षात जाळून पाणी तापवणारे यंत्र. इंजिन बंद असतानाही ते चालते; बॅटरीची वीज आणि थोडे डिझेल एवढेच त्याला पुरते. गॅरेजात त्याला ‘डिझेल हीटर’ म्हणतात. हे उपकरण मूळचे थंड देशांतले. एस्लिंगेन या एकाच जर्मन शहरात सुरू झालेल्या दोन कंपन्या, एबरश्पेखर (१८६५) आणि वेबास्टो (१९०१), या क्षेत्रात सर्वांत परिचित आहेत. अलीकडे चिनी बनावटीचे स्वस्त संचही सर्रास मिळतात. भारतात त्याची खरी गरज लडाखसारख्या भागात पडते. महाराष्ट्रात ते विरळ आहे, आणि म्हणूनच बिघडले की हातात कोणी धरत नाही.

ही तपासणी ज्या पट्ट्याला धरून सांगितली आहे, त्यातले परंदवडी (ता. मावळ, जि. पुणे) हे जुन्या मुंबई–पुणे महामार्गावरील सोमाटणे फाट्याजवळचे गाव. आसपास तळेगावची कारखानदारी, एका अंगाला पवना धरणाच्या काठावरचे तंबूमुक्काम, दुसऱ्या अंगाला द्रुतगती मार्ग. धुलाई, फिरती दुरुस्ती, केटरिंग अशा कामांच्या व्हॅन या पट्ट्यात दिवसभर फिरतात. जिथे वीज नाही आणि गॅस सिलिंडर गाडीत बाळगायचा नाही, तिथे गरम पाण्यासाठी डिझेल जलतापक सोयीचा ठरतो. डिसेंबर-जानेवारीत मावळातल्या पहाटा चांगल्याच गार असतात, पण डिझेल गोठण्याइतक्या कधीच नाहीत. म्हणून ‘थंडीने बंद पडला’ हे इथे कारण धरू नये. ती अडचण लडाखची. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे वेगळे डिझेल आणले. मावळातली कारणे निराळी आहेत : पाऊस, दमट हवा, खड्ड्यांच्या रस्त्यांवरचे हादरे आणि बॅटरीची हेळसांड.

रचना व कार्य : तत्त्व आपल्याकडच्या तांब्याच्या बंबाचेच आहे. मध्ये जाळ, भोवती पाणी. फरक इतकाच की इथे जाळ पंख्याच्या हवेवर आणि मोजून सोडलेल्या डिझेलवर चालतो आणि त्याच्यावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाची नजर असते. टाकीतून बारीक नळीने येणारे डिझेल एक छोटा पंप ‘टक्-टक्’ करत थेंबाथेंबाने पुढे ढकलतो. ज्वालाकक्षातल्या जाळीवर ते पसरते आणि हीटर प्लगच्या उष्णतेने पेटते. ज्वाला लागली हे संवेदक नियंत्रकाला कळवतो, मग प्लग बंद होतो आणि पंख्याची गती वाढते. ज्वालाकक्षाभोवती तापलेले कूलंट पाण्याच्या पंपाच्या जोरावर पाण्याच्या टाकीतल्या वेटोळ्यातून किंवा पट्टिका-विनिमयकातून फिरते आणि धुण्या-अंघोळीचे पाणी गरम करते. काही संचांत मधले कूलंट नसते. पाणी थेट तापते.

५ किलोवॉट क्षमतेचा तापक पूर्ण जोरात असताना तासाला साधारण ०.६ लिटर डिझेल घेतो. ५० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला जवळजवळ दीड किलोवॉट-तास उष्णता लागते; म्हणजे हिशेबाने सतरा-अठरा मिनिटे, आणि नळ्या व टाकीतून जाणारी उष्णता धरून वीस-पंचवीस. हा आकडा आपल्या टाकीपुरता काढून ठेवावा. नाहीतर पाऊण तास लागला की तापक बिघडला असे वाटते आणि मुळात टाकीच मोठी असते.

तपासणीचा क्रम : वीज, डिझेल, हवा, ज्वाला, पाणी. हा क्रम मोडू नये. बहुतेक ठिकाणी उलटे होते : तापक पेटला नाही की आधी हीटर प्लग मागवला जातो, मग पंप, शेवटी नियंत्रक; आणि इतका खर्च झाल्यावर वायरच्या टोकाचे एखादे गंजलेले थिंबल सापडते. भाग बदलणे ही तपासणी नव्हे. पहिले काम म्हणजे शेजारी उभे राहून एक पूर्ण सुरुवात कान देऊन ऐकणे. पंखा फिरला का? अर्ध्या-एक मिनिटाने पंप टकटकू लागला का? त्यानंतर पंख्याचा आवाज चढला का? धूर आला का, कोणत्या रंगाचा? कुठल्या टप्प्यावर सारे थांबले, हे कळले की तपासायची जागा निम्म्याने कमी होते. नियंत्रक दोषसंकेत दाखवत असेल तर तो पुसण्याआधी कागदावर उतरवून घ्यावा.

वीज : इथे सर्वाधिक वेळ द्यावा, कारण सर्वाधिक बिघाड इथेच निघतात. चालू असताना तापक फार वीज ओढत नाही, पण सुरुवातीला हीटर प्लग तापताना १० अँपिअरच्या आसपास भार येतो. १२ व्होल्टच्या बहुतेक संचांत तापकापाशी दाब साडेदहा व्होल्टच्या आसपास किंवा खाली गेला की नियंत्रक सुरुवात रद्द करतो. बॅटरीवर मल्टिमीटर लावून १२.२ दिसले म्हणून समाधान मानण्यात अर्थ नाही. मोजायचे ते तापकाच्या जोडणीवर, आणि प्लग भार ओढत असताना.

हिशेब सोपा आहे. बॅटरी व्हॅनच्या पुढे, तापक मागे. जायला पाच मीटर आणि यायला पाच मीटर अशी १० मीटर वायर. ती दीड चौरस मिलिमीटरची असेल तर तिचा रोध सुमारे ०.१२ ओहम भरतो. १० अँपिअरला तिच्यातच १.२ व्होल्ट जातात. भाराखाली बॅटरी ११.५ वर आली असेल तर तापकाला मिळतात १०.३. फ्यूजच्या खोबणीत गंज असला किंवा अर्थिंगचा बोल्ट रंगावरच आवळलेला असला तर आणखी खाली. बॅटरी ‘चांगली’, तापक ‘चांगला’, आणि तरीही पेटत नाही. चार चौरस मिलिमीटरची वायर, नीट दाबलेली थिंबले आणि चॅसीचा रंग खरवडून केलेले अर्थिंग एवढ्यावर असे तापक पुन्हा चालू लागतात. एक खूण लक्षात ठेवावी : इंजिन चालू असताना पेटतो आणि बंद असताना पेटत नाही, तर दोष विजेच्या बाजूला आहे, अल्टरनेटर ती उणीव भरून काढत असतो.

दुसरी वाईट सवय म्हणजे काम झाले की लगेच बॅटरीचा मुख्य खटका पाडणे. बंद केल्यावरही पंखा व पाण्याचा पंप दोन-तीन मिनिटे चालू राहतात. ज्वालाकक्ष थंड करणे आणि उरलेले डिझेलचे वायू बाहेर काढणे हा त्यांचा हेतू असतो. ती मिनिटे तोडली की आतली उष्णता तिथेच कोंडते, नियंत्रक व संवेदक तापतात आणि कार्बन धरतो. खटक्याजवळ एक चिठ्ठी चिकटवली तरी पुष्कळ नुकसान वाचते.

डिझेल : पंप टकटकतो पण पेटत नाही, किंवा पेटून विझतो, तर डिझेल पोचते का ते पाहावे. सर्वांत आधी टाकीचा काटा. तापकाची डिझेल घेणारी नळी टाकीच्या तळापासून मुद्दाम वर ठेवलेली असते, तापकाने सगळे डिझेल संपवून गाडी रस्त्यात उभी राहू नये म्हणून. त्यामुळे टाकी पाव भागाखाली आली की गाडी मजेत चालते आणि तापक उपाशी राहतो. बोरघाटाच्या चढावर किंवा तिरक्या जागी उभे असताना हे आणखी लवकर घडते. डिझेल भरून पुन्हा दोन-तीनदा सुरू केल्याशिवाय काहीही खोलू नये.

त्यानंतर नळी. ती बारीक छिद्राची आणि कडक प्लास्टिकची असावी लागते. दुरुस्तीत तिच्या जागी रुंद, मऊ रबरी नळी घातली तर डिझेलबरोबर बुडबुडे साठतात. गॅरेजच्या बोलीत, लाइन ‘एअर धरते’. जोडावर दोन नळ्यांची तोंडे एकमेकांना भिडलेली हवीत, मध्ये पोकळी राहिली की तिथे बुडबुडा बसतो. पंपही आडवा नसावा. त्याचे बाहेर जाणारे तोंड थोडे वर असावे, म्हणजे हवा आपोआप पुढे निघते. पंप किती डिझेल देतो हे मोजता येते : तापकाकडची नळी काढून मोजपात्रात सोडावी आणि ठरावीक वेळेत जमा झालेले प्रमाण त्या नगाच्या पुस्तिकेशी ताडावे. कमी भरले तर आधी गाळणी बदलावी, मग पंपाकडे वळावे.

पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी शिरणे ही इथली खरी पीडा आहे. लोणावळ्याला वर्षाकाठी चार मीटरहून अधिक पाऊस पडतो. परंदवडीकडे येईतो तो पुष्कळ उतरतो, पण हवेतला ओलावा महिनोन्‌महिने टिकतो. अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली की आतल्या हवेतली वाफ थेंब होऊन तळाशी बसते. गाळणीतले डिझेल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवले तर पाण्याचा थर खाली वेगळा दिसतो.

हवा, ज्वाला, धूर : पांढरा, डोळे झोंबणारा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ. डिझेल आले आहे, पेट मिळालेला नाही. आता हीटर प्लगवर संशय घेणे रास्त ठरते. पांढऱ्या धुराला गोडसर वास असेल आणि कूलंटची पातळी उतरत असेल तर ज्वालाकक्षाभोवतीच्या उष्णता-विनिमयकाला चीर गेली आहे. तो बदलावाच लागतो, जोडून चालत नाही. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. तेव्हा हवेची व धुराची नळी दोन्ही टोकांना पाहावी. मावळात उन्हाळाभर उभ्या असलेल्या गाडीच्या अशा नळ्यांत कुंभारीण माशी मातीचे घर करते. बाहेरून काही दिसत नाही; लवचिक तार आत घातली की पिवळट वाळकी माती सुटून येते. नळी मोकळी असूनही काळा धूर राहिला तर ज्वालाकक्ष उघडावा. आत काजळीचा कडक थर आणि बुजलेली जाळी सापडते. थर लाकडी काडीने खरवडावा, जाळी बदलावी आणि गॅस्केट नवीनच घालावे. जुने गॅस्केट पुन्हा बसवणे ही काटकसर नव्हे, कारण गळती तिथूनच सुरू होते.

काजळी धरण्यामागे वापराची पद्धत असते. रोज पाच-पाच मिनिटे, मंद आचेवर चालवलेला तापक लवकर कोंदतो. त्याला अधूनमधून पूर्ण जोरात चालवावे लागते. महिन्यातून एकदा, ऐन मे महिन्यातही, दहा-पंधरा मिनिटे पूर्ण जोरात चालवल्याने कक्ष कोरडा राहतो, पंप अडकत नाही आणि माशीला घर करायला उसंत मिळत नाही.

पाणी : तापक पेटतो, जोरात चालतो आणि दोन-तीन मिनिटांत अतितापाचा संकेत देऊन बंद पडतो, ही पाण्याच्या बाजूची खूण. जाणारी व येणारी, दोन्ही होज पाइपांवर जपून हात ठेवावा. एक चटका देणारी आणि दुसरी गार असेल तर कूलंट फिरतच नाही. कारण बहुधा अडकलेली हवा असते, विशेषतः नुकतेच कूलंट बदलले असेल तर. सर्वांत उंच जागेवरचा जोड सैल करून, पाण्याचा पंप चालू ठेवून हवा काढावी. पंपच फिरत नसेल तर त्याच्या जोडणीवर वीज पोचते का ते पाहावे. थेट पाणी तापवणाऱ्या संचांत बोअरच्या जड पाण्याने क्षाराचा थर बसतो आणि पाणी तापायला दिवसेंदिवस जास्त वेळ लागतो. पुस्तिकेत मुभा असेल तर सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने तो काढता येतो. कूलंटच्या जागी नुसते पाणी भरणे मावळच्या हवेत गोठण्यापुरते निभावते, गंजापुरते नाही.

नियंत्रकाचे कुलूप : पेटण्याचे प्रयत्न लागोपाठ फसले किंवा अतिताप वारंवार झाला की नियंत्रक स्वतःला कुलूप घालतो. मग वीज, डिझेल, सारे ठीक असूनही तो हलत नाही. कुलूप काढायची रीत नगागणिक वेगळी असते, ती पुस्तिकेत असते. मूळ दोष न काढता पुन्हा पुन्हा कुलूप उघडून चालू करणे धोक्याचे आहे. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात न जळलेले डिझेल कक्षात साठते, आणि पुढच्या खेपेला ते एकदम पेटते.

सुरक्षितता : धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावून माणसे दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात हिवाळ्यागणिक येतात. व्हॅनची पेटी त्या न्हाणीघरापेक्षा लहान असते. धुराची नळी दारापासून, खिडकीपासून आणि तापकाच्या हवेच्या तोंडापासून दूर, गाडीच्या कडेबाहेर सुटलेली हवी. तिच्या सर्वांत खालच्या वळणावर पाणी निथळायला बारीक छिद्र असते, ते गाडीच्या बाहेरच्या भागात असावे आणि चिखलाने बुजू देऊ नये. गाडीत कोणी झोपत असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र बसवणे ऐच्छिक समजू नये. दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी उघड्यावर, दारे सताड उघडून घ्यावी आणि प्रत्येक जोडाशी काजळीचा डाग उमटतो का ते पाहावे. बंद शेडमध्ये किंवा पत्र्याच्या गाळ्यात, बाहेर पाऊस आहे म्हणूनसुद्धा, तापक चालवू नये. पंपावर डिझेल भरायला गाडी आत घेण्यापूर्वी तो बंद करून त्याची थंड होण्याची मिनिटे पुरी होऊ द्यावीत, कारण स्विच पाडल्यावरही कक्ष काही काळ धगधगता असतो.