एकात्मिक संदेशवहन सॉफ्टवेअर

कार्यालयीन संदेश, कॉल, दृक्‌श्राव्य बैठका आणि फायलींची देवघेव एकाच खात्यातून चालवणारी संगणकप्रणाली.

आवाजाचे अंकीय तुकडे करून ते इंटरनेटवरून पाठवणे (पहा : इंटरनेट दूरध्वनी) १९९० च्या दशकात व्यवहारात आले. कॉल जोडण्या-तोडण्याची एसआयपी ही नियमावली २००२ मध्ये सध्याच्या स्वरूपात आली. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये स्काइप विकत घेतले, २०१५ मध्ये आपल्या ‘लिंक’ या कार्यालयीन प्रणालीचे ‘स्काइप फॉर बिझनेस’ केले आणि २०१७ मध्ये ‘टीम्स’ आणले. मूळ स्काइप मे २०२५ मध्ये बंद झाले. झूम, वेबेक्स, स्लॅक व भारतीय झोहो क्लिक ही याच वर्गातील किंवा त्यालगतची उत्पादने.

सहकारी मोकळा आहे की कामात, हे नावापुढील खुणेवरून कळते. चालू संभाषणाचे कॉलमध्ये आणि कॉलचे बैठकीत रूपांतर करता येते. बँडविड्थ घटली की चित्राचा दर्जा उतरवून आवाज टिकवण्याकडे कल असतो. ग्रामीण भागात ही सोय विशेष उपयोगी (पहा : भारतनेट).

माढा तालुक्यातील (जि. सोलापूर) परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी दूरस्थ बैठकीचे हे तंत्र वर्गात आणून विद्यार्थ्यांना आभासी सहली घडवल्या व परदेशी वर्गांशी जोडले. त्यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा पुरस्कार मिळाला. कोविडमुळे ती घोषणाही आभासी समारंभातच झाली. न्यायदानात, ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ (२००३) या निकालाने दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष नोंदवणे ग्राह्य ठरले (पहा : पुरावा).