हेडलाइटलाही श्वास लागतो: काचेतल्या धुक्याची शंभर वर्षांची गोष्ट

ज्यांना बसमध्ये इअरफोन सापडत नाहीत त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर.

झालं असं की, एका जुलैत मी आणि बाबा रात्री ताम्हिणी घाटातून पुण्याला येत होतो. पाऊस मी म्हणत होता. माझ्या सेकंडहँड गाडीच्या उजव्या हेडलाइटमध्ये आतून वाफ धरली होती. प्रकाश पुढे जायच्या ऐवजी काचेतच पसरून बसला होता. एका वळणावर रस्त्यातच बसलेली म्हैस दिसली ती अगदी दहा-बारा पावलांवर. ब्रेक लागला, गाडी थांबली. बाबांचा हात डॅशबोर्डवर. ते एवढंच म्हणाले, "अरे, आमच्या फियाटच्या दिव्यात असं पाणी कधी नव्हतं."

त्या दिव्याची 'दुरुस्ती' पंधरा दिवसांपूर्वी मीच केली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. पण ते वाक्य डोक्यात राहिलं. खरंच जुन्या गाड्यांत पाणी शिरत नव्हतं का? शोधायला बसलो आणि थेट शंभर वर्षं मागे गेलो.

सुरुवातीच्या मोटारींच्या दिव्यांना पाणी लागायचंच! विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अनेक गाड्यांवर कार्बाइडचे दिवे असत. कॅल्शियम कार्बाइडवर थेंबथेंब पाणी सोडायचं, त्यातून ॲसिटिलीन वायू निघायचा आणि तो पेटवायचा. १९१२ च्या मॉडेलमध्ये कॅडिलॅकने विजेवरचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले. मग हळूहळू आग गेली, बल्ब आला आणि त्याबरोबर पाणी मित्राचं शत्रू झालं.

कारण या दिव्यात बल्बच्या मागे धातूचा चकचकीत आरसा असे, बहुतेकदा चांदीचा मुलामा दिलेला. पुढे काच आणि मध्ये गॅस्केट. गॅस्केट जुनं झालं की ओल आणि धूळ आत. घरातली चांदीची वाटी काळी पडते तसा आरसा काळवंडायचा. बल्ब तेवढीच वीज खायचा, पण रस्त्यावर उजेड कमी कमी होत जायचा. हे इतकं सावकाश घडायचं की ड्रायव्हरच्या लक्षातही येत नसे.

यावर अमेरिकेने काढलेला उपाय म्हणजे 'सील्ड बीम'. काचेचाच आरसा, त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर, पुढची काच त्यालाच वितळवून जोडलेली, फिलामेंट आत. हवा, ओल, धूळ कशालाच वाट नाही. १९४० च्या मॉडेलपासून ७ इंचांचा गोल सील्ड बीम तिथल्या गाड्यांवर आला आणि पुढे चार दशकं तिथे सील्ड बीमच सक्तीचे राहिले. फिलामेंट गेलं की अख्खा दिवा बदलायचा, पण नवा दिवा पहिल्या दिवसासारखा लख्ख.

म्हणजे पाण्याचा प्रश्न १९४० मध्येच सुटला होता. मग तो परत कसा आला?

सक्तीमुळे. सगळ्या गाड्यांचे डोळे सारखेच. युरोपात बदलता येणारे बल्ब आणि हवे त्या आकाराचे दिवे चालत होते. तिथे १९६२ मध्ये हॅलोजन बल्बही आला. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत पेट्रोल वाचवायची घाई सुरू झाली आणि वाऱ्याला अडणारे ते सपाट दिवे डोळ्यांत खुपू लागले. फोर्डने नियम बदलायची मागणी केली, १९८३ मध्ये ती मान्य झाली. १९८४ ची लिंकन मार्क ७ ही बदलता येणाऱ्या बल्बचे, गाडीच्या अंगाशी मिळते हेडलाइट घेऊन आलेली पहिली अमेरिकी गाडी.

काचेच्या जागी हलकं, हवं तसं वळणारं पॉलीकार्बोनेट आलं. दिवा मोठा झाला, आत हवाही जास्त. आणि इथेच भौतिकशास्त्र आडवं येतं.

दिवा लावल्यावर आतली हवा २७ अंशांवरून ७७ अंशांवर गेली असं धरा. ती एक षष्ठांशाने फुगते. वाट असेल तर सातवा हिस्सा हवा बाहेर पडते, दिवा थंड झाला की तेवढीच परत आत येते. दिवा श्वास घेतो! म्हणून त्याला मागे श्वासनळ्या असतात: वाकडी रबरी नळी किंवा हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी पातळ जाळी. अशा जाळीत वापरतात तो पदार्थ बॉब गोर यांना १९६९ मध्ये सापडला. रेनकोटमध्ये असतो तोच.

पावसाळ्यात आत येणारी हवा दमटच. समजा आत १० लिटर हवा आहे. ३० अंशांवर ती साधारण ०.३ ग्रॅम वाफ धरते, २० अंशांवर ०.१७ ग्रॅमच. उरलेली काचेवर बसते. किती? दोन-तीन थेंब! म्हणजे काचेवरचं पातळ धुकं हा आमच्या भाषेत बग नाही. दिवा लावून थोडं अंतर गेलं की ते उडायला हवं. एलईडीत काच तितकी तापत नाही, म्हणून तिथे जरा वेळ लागतो.

आता माझा पराक्रम ऐका. धुकं दिसलं म्हणून मी दिव्यामागची 'उघडी राहिलेली' नळी सिलिकॉनने बुजवली होती. नाक दाबलं! मग तापलेली हवा कडेच्या जुन्या सीलमधून वाट काढू लागली आणि थंड होताना तिथूनच पावसाचं पाणी ओढू लागली. धुक्याचं तळं झालं.

गॅरेजवाल्या काकांनी दिवा पाहिला आणि विचारलं, "नळी कोणी बंद केली?" मी गप्प. त्यांनी सिलिकॉन काढलं, दिवा खोलून सुकवला, कडेचं सील नव्याने बसवलं आणि बल्बमागची रबरी टोपी बदलली. तिला चीर होती.

तर लक्षात ठेवा. पातळ धुकं असेल तर थांबा. थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी साचलं असेल, तर आधी मागची टोपी बघा, मग नळीत चिखल किंवा कोळ्याचं जाळं आहे का ते, शेवटी कडेचं सील. भोक पाडू नका. सिलिका जेलची पुडी ओल शोषते, पण गळती तशीच राहते.

आणि बाबा? त्यांची फियाट आठवणीत जरा जास्तच कोरडी होती, असा मला संशय आहे. पण परवा पुन्हा ताम्हिणीतून आलो, पाऊस तसाच होता. यावेळी त्यांचा हात डॅशबोर्डवर नव्हता. ते झोपले होते.

भेटू पुढच्या भागात. घाटात सावकाश चालवा!