कृष्णाकाठच्या दोघी बहिणी

सातारा व सांगली हे दोन जिल्हे म्हणजे सख्ख्या बहिणींचीच जोडी होय. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे करण्यात आले, आणि पुढे १९६० साली धाकटीचे नाव सांगली असे ठेविले. एकच कृष्णामाई दोघींच्या अंगणातून वाहते. या मुलखातील खेड्यांत दोन लहान बहिणी वाढविताना घरादारास जे सुख लाभत आले, त्याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

हा इतिहास दफ्तरात सापडावयाचा नाही. शाहू महाराजांनी १७०८ साली साताऱ्यास गादी स्थापिली, तेव्हापासून या मुलखात रुमालच्या रुमाल कागद साचले. त्यांत वतनाचे तंटे आहेत, इनामांच्या सनदा आहेत, दत्तकाच्या याद्या तर हव्या तितक्या. कोणाच्या अंगणात दोन पोरी फुगडी घालीत होत्या, याची नोंद कारकुनाने कशाला ठेवावी? ती नोंद बायकांनी ठेविली, आणि तीही जात्यावर बसून. साने गुरुजींनी अशा ओव्या वेचून ‘स्त्री जीवन’ या नावाने प्रसिद्ध केल्या. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर व त्यांचे सहकारी गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातील हजारांवर गावे पालथी घालून एक लक्षाहून अधिक ओव्या गोळा केल्या. या ओव्यांत लेकीच्या जन्माचे दुःख आहे, हे खरे. ते झाकण्यात अर्थ नाही. परंतु लेकीचे कौतुकही त्याच जात्यातून पिठासारखे सांडले आहे. एकाच बाईच्या तोंडी दोन्ही आढळतात.

जात्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. जात्यास खुंटा एक असतो, पण दळणाऱ्या दोघी असल्या म्हणजे काम हलके होते. दोघींनी समोरासमोर बसावे, खुंट्यावर हातावर हात ठेवावा आणि एकीने ओढून दुसरीकडे द्यावे. घरात दोन मुली असल्या की थोरली आईसमोर बसून हे शिके, आणि धाकटी थोरलीसमोर. धाकटीचा हात खुंट्यावर नुसता ठेवलेला असे. जोर सगळा थोरलीचा. तरीसुद्धा दळण संपल्यावर “मी दळलं” म्हणून सांगत धाकटीच घरभर फिरे. आता विजेच्या गिरणीने जाते गप्प केले आहे, आणि बायकांचे पहाटेचे कष्ट वाचले यात मला आनंदच वाटतो. ज्याने कधी पायली दोन पायली जोंधळा दळला नाही, त्यानेच जात्यासाठी हळहळावे.

खेड्यातील मुलींचे खेळ पाहिले तर तेही असेच जोडीचे. फुगडी एकटीने घालता येत नाही. झिम्म्याला टाळी देणारी समोर लागते. नागपंचमीस लिंबाच्या किंवा चिंचेच्या फांदीला दोर बांधून जो झोका होतो, त्यावर दोघींनी समोरासमोर उभे राहून आळीपाळीने जोर करावयाचा असतो. एकटीचा झोका फारसा चढत नाही. त्या दिवशी चुलीवर तवा ठेवावयाचा नाही, विळीने काही चिरावयाचे नाही, म्हणून घरी पुरणाची दिंडे उकडतात. आईला चिरण्याकापण्यातून सुटका आणि लेकींना झोक्याची मोकळीक, असा हा सोयीचा सण आमच्या पूर्वजांपैकी कोणा शहाण्या बाईनेच बसविला असावा, असे मला नेहमी वाटत आले आहे.

देशावर इतरत्र पोळा साजरा होतो, तसा आमच्याकडे बेंदूर. बेंदराच्या पूजेसाठी मातीचे बैल लागतात. माझ्या दोघी मुली ओढ्याकाठची चिकणमाती आणून ते करीत. एक बैल थोरलीने करावयाचा, एक धाकटीने, असा करार असे. त्यामुळे पाटावर जी जोडी उभी राही, तीत एक माणदेशी खिलार आणि दुसरे मांजरासारखे काहीतरी असे. शिंगे कोणती आणि शेपूट कोणते, हे धाकटीस विचारूनच नैवेद्य दाखवावा लागे.

परंतु सर्वांत मोठा आनंद हादग्याचा. पुण्याकडे ज्यास भोंडला म्हणतात, तोच आमचा हादगा. हस्त नक्षत्राच्या पावसात, नवरात्राच्या सुमारास, पाटावर किंवा भिंतीवर हत्ती काढून मुली त्याभोवती फेर धरतात. गाणी संपली की खिरापत ओळखावयाची. ती झाकून आणावयाची असते आणि कोणास सांगावयाची नसते. आमच्या घरी थोरली आठवडाभर आईशी कानगोष्टी करून खिरापतीचा बेत ठरवी, आणि धाकटी डबा घेऊन अंगणात येताच तोंड घट्ट मिटून अशी उभी राही की, शेजारच्या मुली तिच्या गालाला लागलेल्या खोबऱ्याच्या किसावरूनच पदार्थ ओळखीत. मग थोरलीचा राग, धाकटीचे रडणे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याच हाती डबा. दुसऱ्या कोणाच्या हाती तो कधी गेला नाही.

शेतावरच्या घरात थोरली बहीण ही अर्धी आईच असते. आई भांगलणीला गेली की धाकटी थोरलीच्या कडेवर. ती कडेवर घेऊनच थोरली शाळेत येई. मी ज्या ज्या शाळांत होतो, तेथे वर्गाच्या कोपऱ्यात गोणपाट टाकून अशा धाकट्यांना बसविण्याची वहिवाटच होती. त्यांची नावे पटावर नसत, पण बाराखडी त्यांच्या कानांवरून जाई. पुढे नाव घातले की दोन महिन्यांत त्या इतरांच्या पुढे जात.

सांगलीच्या एका घरात मात्र याच गोष्टीचा परिणाम निराळा झाला. मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या थोरल्या कन्या लताबाई यांचा जन्म १९२९ चा, आशाबाईंचा १९३३ चा. सांगलीस असताना लहानगी लता तान्ह्या आशेला घेऊनच शाळेत गेली. तान्ह्या मुलीस वर्गात आणू नको, असे तेथे सांगण्यात आले, आणि रागावून तिने शाळाच सोडली. ही हकीकत लताबाईंनी मोठेपणी मुलाखतींतून स्वतः सांगितली आहे. शिक्षक या नात्याने मला तिचे शाळा सोडणे पटत नाही. पण बहिणीला सोडून शाळा नको, हे तिचे म्हणणे मात्र पुरेपूर समजते.

दोघी बहिणींचे हे एकत्र दिवस पूर्वी फार थोडे असत, ही गोष्ट आपण विसरतो. सावित्रीबाई फुले आमच्या सातारा जिल्ह्यातील नायगावच्या. जन्म १८३१, लग्न १८४०. म्हणजे नवव्या वर्षी माहेरचे अंगण सुटले. त्या काळी थोरली सासरी जाई तेव्हा धाकटीचे दुधाचे दातही पडलेले नसत. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय किमान चौदा ठरविले, १९४९ साली ते पंधरा झाले व १९७८ साली अठरा. कायदा सगळीकडे पाळला गेला असे नव्हे. परंतु जेथे पाळला गेला, तेथे थोरलीला धाकटीसमवेत हादग्याची आणखी आठ-नऊ वर्षे मिळाली. इतिहासकार या कायद्याची चर्चा आरोग्याच्या व सुधारणेच्या अंगाने करतात, ती योग्यच आहे. फुगडीच्या अंगाने कोणी केलेली माझ्या वाचनात नाही.

ज्या मुलखात लेकींचे एवढे कोडकौतुक, त्याच मुलखात दुसऱ्या-तिसऱ्या मुलीचे नाव ‘नकुसा’ ठेवण्याची रीत होती. नको असलेली, म्हणून नकुसा. असे नाव ठेविले की पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. २००१ च्या शिरगणतीत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतील दर हजार मुलग्यांमागे मुली अवघ्या ८५१ भरल्या. २०११ साली त्या ८६७ झाल्या. १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वांआधी कायदा केला होता, तरीही हे आकडे. तेव्हा सातारा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने गावोगावच्या नकुसा शोधून काढल्या, आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यास समारंभ करून २८५ मुलींना नवी नावे दिली. कित्येकींनी आपली नावे आपणच निवडली. कोणी सिनेमातील नटीचे घेतले, कोणी सावित्रीसारखे जुने.

त्या सुमारास माझ्या वर्गातही अशी एक मुलगी होती. तिची थोरली बहीण दोन इयत्ता पुढे. पटावरचे नाव मी एका दुपारी बदलले, परंतु घरच्या माणसांच्या जिभेवरचे कसे बदलावे? ते काम थोरलीने अंगावर घेतले. जो कोणी चुकून जुने नाव उच्चारील त्याने मूठभर भाजक्या शेंगा दंड म्हणून द्यावयाच्या, असा कायदा तिने घरात लागू केला. दंड दोघींनी वाटून खावयाचा. वडील आठ दिवसांत सुधारले, आईला महिना लागला. आजी मात्र पुढील सुगीपर्यंत रोज संध्याकाळी एकदा तरी चुकत असे, आणि चुकण्याआधी शेंगा भाजून ओच्यात घेऊन बसत असे.